पोट का दुखतं?

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. पोरं त्याला ‘ढोल्या’ म्हणायची. एकदा हजेरी घेताना माझ्याही तोंडून तेच नाव गेलं. वर्ग हसला, तोही हसला. पुढे कवायतीच्या तासाला तो ‘पोट दुखतंय’ म्हणून वर्गातच बसू लागला. का दुखतं, हे मी कधी विचारलं नाही. परवा डॉ. हिल्डे ब्रुख यांच्याविषयी वाचलं आणि तो आठवला.

ब्रुखबाईंचा जन्म १९०४ चा, जर्मनीतला. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये देश सोडावा लागला. इंग्लंडमार्गे १९३४ मध्ये त्या न्यूयॉर्कला आल्या. मंदीचा काळ, तरी रस्त्यात इतकी लठ्ठ मुलं कशी, याचं त्यांना नवल वाटलं. तेव्हाचे डॉक्टर अशा मुलांवर ‘फ्रोलिख सिंड्रोम’ हा शिक्का सर्रास मारत. म्हणजे पिट्युटरी ग्रंथीचा बिघाड. बाईंनी मुलं नीट तपासली. बहुतेक वयाच्या मानाने उंच निघाली आणि वयातही वेळेवर येत होती. ग्रंथीचा दोष असता तर वाढ खुंटली असती.

मग त्यांनी मुलांच्या घराकडे पाहिलं. १९४० मध्ये ग्रेस टूरेन यांच्यासोबत निबंध लिहिला. भीती असो, एकटेपणा असो, कित्येक घरांत त्यावर एकच उतारा होता, खाणं! पुढे बाई मनोविकारशास्त्रही शिकल्या. जे मूल खाण्याच्या आधाराने मन सावरतं, त्याच्या मनाकडे न पाहता नुसतं वजन उतरवू नका, हे त्यांचं सांगणं.

मात्र त्यांनी बराचसा दोष आईच्या पदरात टाकला, तो काही टिकला नाही. १९९४ मध्ये भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा जनुक सापडला. १९९७ मध्ये ते जन्मतःच नसलेली दोन लठ्ठ भावंडं इंग्लंडमध्ये आढळली, नात्याने चुलत-मावस. त्यांची भूकच वेगळी होती, त्यात आईचा काय दोष? असा आजार अगदी विरळा. पण शरीर आणि मन दोन्ही पाहायला हवं, हा बाईंचा धडा राहिलाच. बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांची नैराश्यासाठी दरवर्षी तपासणी करा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. भेटला तर त्याला खऱ्या नावाने हाक मारीन म्हणतो. असो. तुमच्या घरात, वर्गात असं एखादं मूल असेल, तर काट्यावर उभं करण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा.