शालेय उत्सव व दिनविशेष : रे रोड ते गिरगाव

माध्यमिक शाळांमध्ये आणि त्यांना जोडलेल्या अकरावी-बारावीच्या वर्गांमध्ये शैक्षणिक वर्षभर साजरे होणारे सण, जयंत्या व पुण्यतिथ्या, स्नेहसंमेलने, क्रीडामहोत्सव आणि विद्यार्थ्यांनी स्वतः रूढ केलेले विशिष्ट वेशाचे वा विषयाचे ‘डे’ या सर्वांचा समावेश शालेय उत्सवांत होतो. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत शाळेच्या रंगांचे कपडे घालून साजरा होणारा ‘स्पिरिट वीक’ आणि माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा, फुटबॉल सामन्याभोवती गुंफलेला ‘होमकमिंग’ सोहळा हे याचेच दूरचे रूप असून, तेथे उत्सवाचा केंद्रबिंदू शाळा हीच संस्था असते. रे रोड, लालबाग, परळ, दादर व गिरगाव या पट्ट्यात मात्र शाळेचा उत्सव आणि वस्तीचा उत्सव यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखता येत नाही. चाळ, सार्वजनिक मंडळ, कामगार संघटना आणि शाळा यांनी एकमेकांकडून उत्सवाच्या रीती उचललेल्या आहेत, आणि येथील शालेय जीवनाचे वेगळेपण प्रामुख्याने याच देवाणघेवाणीत आहे.

रे रोड हे हार्बर मार्गावरील, 1910 मध्ये सुरू झालेले स्थानक असून त्याला 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव दिलेले आहे. पूर्वेला दारूखान्यातील जहाजतोडणीचा व्यवसाय, भंगाराच्या वखारी व बंदराच्या जमिनी, आणि पश्चिमेला घोडपदेव व लालबागच्या गिरणगावाची, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगार वस्तीची, हद्द अशा दुपेडी वस्तीत मराठी, हिंदी, उर्दू आणि दक्षिणी भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहत आली. मुंबई महानगरपालिका आठ भाषिक माध्यमांच्या शाळा चालवते आणि माझगाव-भायखळ्याच्या बाजूस ख्रिस्ती संस्थांच्या जुन्या शाळाही आहेत. त्यामुळे अर्ध्या तासाच्या पायी अंतरात शालेय पंचांग अनेकदा बदलते. मराठी माध्यमाच्या शाळेत आषाढी एकादशीची दिंडी निघते, उर्दू माध्यमात ईद-ए-मिलादच्या सुमारास नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची कवने, म्हणण्याच्या स्पर्धा होतात आणि 9 नोव्हेंबरला कवी इक्बाल यांच्या जन्मदिनी उर्दू दिन पाळला जातो, तर ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत डिसेंबरमध्ये नाताळची गीते व गोठ्याचा देखावा असतो. एकाच चाळीत राहणारी पण वेगवेगळ्या माध्यमांत शिकणारी मुले या सर्व दिवसांशी परिचित असतात, ही बाब शहराच्या सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

उत्सवांची चौकट शासकीय नियमांनी आखलेली आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षातील एकूण सुट्या 76 पेक्षा अधिक असू नयेत, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी किमान 220 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. या मर्यादेत राहून दिवाळी, उन्हाळा व गणपतीच्या सुट्या बसवायच्या असल्यामुळे बहुतेक जयंत्या सुटी न देता परिपाठात, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या दैनंदिन सामूहिक सभेत, प्रतिमापूजन, भाषण व सुविचार अशा स्वरूपात पार पडतात. अशा दिवसांची संख्या गेल्या दशकात वाढली आहे : डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा 15 ऑक्टोबर हा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून, आणि 26 नोव्हेंबर संविधान दिन म्हणून, 2015 पासून शाळांत साजरे होऊ लागले. परिपत्रकाने आलेले सर्वच दिवस मुलांच्या मनात रुजतात असे नाही. ज्यांना वस्तीच्या स्मृतीचा आधार असतो ते दिवस टिकतात, आणि 1 ऑगस्ट हे त्याचे ठळक उदाहरण होय. लोकमान्य टिळकांचे निधन 1920 मध्ये याच दिवशी मुंबईतील सरदारगृहात झाले व गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच दिवशी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीला गिरणगावाने आपले मानले. त्यामुळे येथील वक्तृत्व स्पर्धांत टिळक आणि अण्णाभाऊ हे दोन्ही विषय घेऊन मुले उभी राहतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी निगडित दिवसांचे महत्त्व या परिसरात आणखी वेगळे आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला, आणि 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्यांचे पुढील शालेय जीवन परळच्या डबक चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले व 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि शिक्षक व चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका विद्यार्थ्याचे यश समाजाने सभा भरवून साजरे करण्याची ही रीत आजही जिवंत असून, दहावीचा निकाल लागल्यावर लालबाग-परळची मंडळे ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा गुणगौरव’ या नावाने वह्या, दप्तरे व प्रशस्तिपत्रे देतात. 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, चैत्यभूमीकडे येणाऱ्या अनुयायांच्या निवाऱ्यासाठी शिवाजी पार्कजवळच्या महानगरपालिकेच्या काही शाळा खुल्या केल्या जातात. या दिवशी शाळेची इमारत स्वतःच सार्वजनिक स्मरणाचा भाग होते.

सणांपैकी गणेशोत्सवाचा प्रभाव सर्वाधिक आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सव 1893 पासूनचा, चिंचपोकळीचा 1920 पासूनचा, गणेश गल्लीचा 1928 पासूनचा व लालबागच्या राजाचा 1934 पासूनचा असल्याने येथील मुलांना कार्यकर्तेपणाचे पहिले शिक्षण मंडळातच मिळते : वर्गणीची पावती फाडणे, रांगेची व्यवस्था राखणे, ढोल वा लेझीम पथकात तालाला उभे राहणे, देखाव्याचा कागदी लगदा तयार करणे. हेच कौशल्य पुढे शाळेच्या रंगमंचाच्या सजावटीत व संचलनात दिसते. गिरणगावातील अनेक कुटुंबे कोकणातील असून गणपतीला गावी जात असल्यामुळे भाद्रपदात वर्ग ओस पडतात, आणि चाचणी परीक्षा गणपतीच्या आधी घ्यावी की नंतर हा प्रश्न मुख्याध्यापकांसमोर दरवर्षी उभा राहतो.

नवरात्रात मुलींच्या शाळांतून भोंडला किंवा हादगा होतो. पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि झाकून आणलेली खिरापत, म्हणजे खाऊ, ओळखायची असा हा खेळ होय. दसऱ्याला पाटीवर सरस्वतीचे चिन्ह काढून तिचे पूजन करण्याची प्रथा प्राथमिक वर्गांपुरती मर्यादित होत चालली आहे. मुलींनी शाळेच्या प्रांगणात मोकळेपणाने फेर धरणे आज स्वाभाविक वाटते. त्यामागे 1848 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने 1849 पासून मुलींच्या शाळा काढून केलेले कष्टाचे काम आहे, हे विसरता कामा नये.

शालेय वर्षातील सर्वांत संपन्न उत्सव म्हणजे स्नेहसंमेलन किंवा गॅदरिंग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत रुजलेला हा प्रकार शाळांत उतरला तेव्हा गिरणगावात त्याला कामगार रंगभूमीचे वळण लागले. 1911 मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या परळमधील दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत, आणि ती पाहणाऱ्यांचीच मुले शाळेच्या रंगमंचावर उभी राहत. कोकणातून आलेल्या कुटुंबांनी जाखडी व दशावतार, सातारा-सांगलीकडच्यांनी लेझीम व पोवाडा, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांनी कोळीनृत्य आणले, आणि स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका पाहिली असता शहरात कोण कोठून आले याचा जणू नकाशाच तीत दिसतो. दादरला या परंपरेने आणखी एक वळण घेतले : छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ या संस्थेने प्रायोगिक नाटके केली व तेथून ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले. शाळेचे सभागृह प्रौढ रंगभूमीला दिले गेल्याचे हे मराठीतील सर्वांत फलदायी उदाहरण होय. स्नेहसंमेलनातच शेलापागोटे, म्हणजे निनावी चिठ्ठीतून एखाद्या विद्यार्थ्याला वा शिक्षकाला उद्देशून लिहिलेली मिस्कील ओळ, सर्वांसमोर वाचण्याची प्रथा होती. ‘फिशपाँड’ या नावाने ती अधिक ओळखली जाते. काही वेळा रूप, जात वा घरची परिस्थिती यांवर बोट ठेवणाऱ्या ओळी वाचल्या जात असल्यामुळे अनेक ठिकाणी ती बंद झाली, आणि ते योग्यच झाले.

1982 च्या गिरणी संपाचा परिणाम या उत्सवांवरही झाला. जानेवारीत सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, आणि वेतन थांबलेल्या घरांतील मुलांना पोशाखाचे वा सहलीचे पैसे देणे अशक्य झाले. अनेकांनी शाळा सोडून काम धरले. रात्रशाळांत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळनंतर भरणाऱ्या शाळांत, उत्सव मोजकेच असतात, पण कामाचा शीण घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी उभा केलेला कार्यक्रम दिवसशाळेच्या खर्चिक सोहळ्याहून कमी मोलाचा मानता येत नाही.

विद्यार्थ्यांनी रूढ केलेले ‘डे’ प्रामुख्याने कनिष्ठ महाविद्यालयांतून, म्हणजे दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या टप्प्यातून, खाली शाळांत आले. साडी-टाय डे, ट्रॅडिशनल डे, मिसमॅच डे हे त्यांतील परिचित प्रकार. शाळांमध्ये त्यांचे सौम्य रूप 5 सप्टेंबरच्या शिक्षक दिनी दिसते : दहावीच्या मुली साड्या नेसून व मुले शिक्षकांसारखा पोशाख करून खालच्या वर्गांवर तास घेतात, एकजण मुख्याध्यापक होतो आणि एकजण शिपाई होऊन घंटाही देतो. या स्वयंशासन दिनाला खर्च जवळजवळ लागत नाही. उलट वेशाच्या ‘डे’साठी नवे कपडे घ्यावे लागत असतील तर गरीब घरच्या मुलांची कुचंबणा होते, याचा विचार शाळांनी करणे आवश्यक आहे.

शाळेचा अभिमान सर्वाधिक उफाळून येतो तो मैदानावर. हॅरिस व गाइल्स ढाल या मुंबईतील आंतरशालेय क्रिकेट स्पर्धा असून, फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर दादरच्या शारदाश्रमाकडून सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी 664 धावांची अखंड भागीदारी केली ती हॅरिस ढालीच्याच सामन्यात. लालबाग-परळमध्ये मात्र कबड्डी व खो-खो यांना अधिक जिव्हाळा लाभला, कारण त्यांना चाळीतील अंगणही पुरते.

शालेय वर्षाची अखेर दहावीच्या निरोप समारंभाने आणि नंतर 1 मेच्या ध्वजवंदनाने होते. हा दिवस महाराष्ट्र दिन व कामगार दिन अशा दोन्ही नात्यांनी गिरणगावाचा आहे. या सर्व उत्सवांचा लेखी पुरावा शाळांच्या वार्षिक अंकांत, विद्यार्थ्यांच्या हस्तलिखितांत आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत विखुरलेला आहे. मराठी माध्यमाच्या शाळांतील पटसंख्या घटून वर्ग बंद पडत असताना हे कागद रद्दीत जाण्याचा धोका आहे. संस्थाचालकांनी व माजी विद्यार्थी संघांनी ते जतन करून जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावेत.