रुमालाखालचा भाव

चैत्राचा महिना, पहाटेची वेळ आणि नव्या मुंबईंतील वाशीचा फळबाजार. देवगड-रत्नागिरीकडून रात्रभर धांवत आलेल्या मालमोटारी रिकाम्या होत असतात. हमालांच्या डोक्यांवरून हापूसच्या पेट्या गाळ्यांत उतरतात, झांकणें उघडतात, वाळल्या गवताच्या वासांत आंब्याचा वास मिसळतो, आणि जो तो मोठमोठ्यानें कांहीं तरी बोलत असतो. मात्र ज्या एका गोष्टीसाठीं हा सारा गलबला, ती गोष्ट, म्हणजे मालाचा भाव, कोणाच्याहि तोंडून ऐकूं येत नाहीं. अडत्या आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात. एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या उजव्या हातांवर पडतो. रुमालाखालीं बोटें बोटांना चाचपतात. वर दोन्ही चेहरे निर्विकार. एक मान हालते, मग दुसरी डोलते, रुमाल उचलला जातो आणि सौदा पटलेला असतो. शेजारीं हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसासहि तो कितीला पटला हें कळत नाहीं.

या रीतीस हत्ता पद्धत असें म्हणतात. गुरांच्या बाजारांतहि ती जुनी आहे. बैलाचे दांत पाहून झाले कीं दलालाचा हात उपरण्याखालीं जातो, हें दृश्य महाराष्ट्रांतील आठवडेबाजारांत पिढ्यान् पिढ्या दिसत आलें आहे. वाशीच्या आंब्याच्या हंगामांतहि अलीकडच्या वर्षांपर्यंत तें दिसत आलें आहे. या व्यवहाराचा शिष्टाचार कोणत्या ग्रंथांत लिहिलेला नाहीं आणि कोणी मुद्दाम शिकवीतहि नाहीं. बापाच्या शेजारीं उभें राहून मुलानें तो उचलावयाचा. आंकडा तोंडानें उच्चारावयाचा नाहीं, हा पहिला नियम. एका बोटाचा अर्थ दहा, शंभर कीं हजार, हें विचारावयाचें नाहीं. माल पाहून ज्यास तें उमगत नाहीं त्यानें रुमालाखालीं हात घालूंच नये. दोघांचें चाललें असतां तिसऱ्यानें जवळ येऊन डोकावणें असभ्यपणाचें, आणि ‘त्याला काय भाव लावलात?’ हा प्रश्न तर त्याहून वाईट. नकार द्यावयाचा तोहि हात सोडवून घेऊन, कपाळास आठी पडूं न देतां. शिवाय बोट दाबून एकदां दिलेला आंकडा पुढें वहींत उतरतांना फिरवावयाचा नाहीं. कागद नाहीं, साक्षीदार नाहीं; अशा व्यवहारांत ज्याचें बोट खोटें ठरलें त्याच्या हातावर दुसऱ्या दिवशीं रुमाल कोण टाकील?

मराठींत करपल्लवी हा शब्द आहे तो अशाच बोटांच्या भाषेसाठीं. ही भाषा किती जुनी आहे याचा पुरावा परदेशी प्रवाशांनीं ठेवला आहे. बोलोन्या शहराचा लुडोविको दी व्हार्थेमा हा प्रवासी सोळाव्या शतकाच्या आरंभीं कालिकतास आला होता. त्याचें प्रवासवर्णन इ. स. १५१० मध्यें रोम येथें छापलें गेलें. त्यांत तो सांगतो कीं, तेथील व्यापारी दलालामार्फत सौदा करतांना हातांवर कापड धरीत, आणि त्याखालीं बोटें व पेरीं चाचपून एका डुकॅटपासून लाख डुकॅटपर्यंतचा भाव एक शब्दहि न काढतां ठरवीत. त्यानंतर दीडएकशें वर्षांनीं टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्यानें दक्षिणेंतील रावळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींवर हाच प्रकार पाहिला. त्याचा ग्रंथ इ. स. १६७६ चा. हिऱ्यांचा पारखी असल्यामुळें त्यानें नुसतें आश्चर्य व्यक्त केलें नाहीं, तर कोष्टकच देऊन ठेविलें. घेणारा व देणारा समोरासमोर मांडी घालून बसत. एक जण आपला कमरपट्टा सोडी आणि दोघांचे हात त्याखालीं जात. सबंध पंजा धरला कीं हजार. तो जितक्या वेळां दाबावा तितके हजार. पांच बोटें म्हणजे पांचशें, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धें बोट म्हणजे पन्नास, आणि नुसतें टोंक म्हणजे दहा. एकच जिन्नस एकाच बैठकींत कित्येक वेळां हातोहात विकला जाई, तरी भोवतालच्यांस किमतीचा पत्ता नसे.

याच टॅव्हर्नियरनें आणखी एक चित्र रेखाटलें आहे, तें या विषयांत विसरतां येण्याजोगें नाहीं. गांवच्या चौकांत एका झाडाखालीं दहा ते पंधरा-सोळा वर्षांचीं व्यापाऱ्यांचीं मुलें बसलेलीं असत. प्रत्येकाच्या एका बाजूस हिरे तोलण्याच्या वजनांची पिशवी, आणि दुसऱ्या बाजूस पांचसहाशें सोन्याचे होन असलेली थैली. कोणी हिरा विकावयास आणला कीं तो सर्वांत वडील मुलाच्या हातीं द्यावयाचा. तो पाहून शेजाऱ्याकडे देई, शेजारी पुढच्याकडे, असा तो खडा हातोहात फिरून पुन्हां पहिल्याकडे येई. मध्यें एक अवाक्षरहि निघत नसे. मग वडील मुलगा किंमत विचारी व सौदा करी. महाग घेतला तर नुकसान त्याचें एकट्याचें. संध्याकाळीं नफ्याची वांटणी होई, तींत त्याला इतरांहून शेंकडा पाव टक्का अधिक. सोळा वर्षांच्या पोरानें दुसऱ्याची पारख मुकाट्यानें ऐकून घ्यावी आणि चुकीचा भार स्वतःच्या शिरीं घ्यावा, ही शिकवण आजच्या कित्येक पेढ्यांवरहि सांपडणार नाहीं.

स्पर्शाची भाषा जशी होती तशी गुप्त शब्दांचीहि होती. महाराष्ट्रांतील दुकानदार व दलाल जी बोली वापरीत तिला नंदभाषा म्हणत, आणि मोल्सवर्थच्या कोशांत तिचे शब्द नोंदलेले आहेत. एकाला केवली, दोहोंना अवारू, पांचांना मुळू, सहांना शेली आणि सातांना चक्क पवित्र! गिऱ्हाइकासमोर उभें राहून दोन दुकानदारांनीं ‘पवित्र’ हा शब्द उच्चारावा आणि भोळ्या गिऱ्हाइकानें तो देवाधर्माचा समजावा, यांत विनोद आहे खरा. पण त्या विनोदाचा खर्च गिऱ्हाइकानेंच भरावयाचा असे.

वाशीच्या बाजारानें ही रीत निर्माण केली नाहीं. ती त्याच्याकडे वारशानें आली. कोंकणचा आंबा पूर्वी गलबतांतून आणि पुढें आगबोटींतून भाऊच्या धक्क्यावर उतरे, व तेथून क्रॉफर्ड मार्केटांत जाई. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नांवाची ही मंडई इ. स. १८६९ मध्यें पुरी झाली. पुढें तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालें. शहर वाढलें तशी ती गल्लीबोळांची जागा मालमोटारींस अपुरी पडूं लागली. खाडीपलीकडे नवें शहर वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना १९७० मध्यें झाली. मुंबईची कृषि उत्पन्न बाजार समिति १९७७ मध्यें अस्तित्वांत आली, आणि मग एकेक घाऊक बाजार वाशीस हालला : कांदा-बटाट्याचा १९८१ मध्यें, मसाल्याचा व धान्याचा १९९१ मध्यें, आणि फळांचा व भाजीपाल्याचा १९९६ मध्यें. दगडी कमानी सुटल्या, सिमेंटचे गाळे आले. रुमाल मात्र खांद्यावरून तसाच खाडी ओलांडून गेला.

अनोळखी माणसांनीं एकमेकांशीं देवघेव करावयाची म्हणजे कोठेंहि कांहीं रीतभात लागतेच. मग ती देवघेव लाखांची असो वा खेळाची. खेळांतल्या देवघेवीचें एक अगदीं अर्वाचीन उदाहरण अमेरिकेंत आहे. फ्लोरिडांतील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या विस्तीर्ण क्रीडोद्यानांत, इ. स. १९९९ च्या ऑक्टोबरांत, नव्या सहस्रकाच्या उत्सवानिमित्त रंगीत मिन्याच्या लहान लहान पिनांची अदलाबदल सुरू झाली. लोक गळ्यांत फीत घालून तिच्यावर आपल्या पिना मिरवितात, आणि आवडलेली पिन दुसऱ्याकडून बदलून घेतात. त्याचेहि नियम आहेत. दुसऱ्याच्या फितीवरील पिनेस हात लावावयाचा नाहीं. नीट पाहावयाची तर मालकास विनंति करावी. पिन द्यावयाची ती मागच्या टोपणासकट. एकीस एक, आणि मध्यें पैसा आणावयाचा नाहीं. उद्यानाचे जे नोकर पिना घालून हिंडतात त्यांनीं अस्सल पिन घेऊन आलेल्या कोणासहि, मग तें पांच वर्षांचें पोर कां असेना, नकार द्यावयाचा नाहीं. उलट पाहुण्यानेंहि एकाच नोकरास दिवसांत दोहोंपेक्षां अधिक पिनांसाठीं अडवावयाचें नाहीं.

वाशीचा रुमाल आणि फ्लोरिडाची फीत यांची तुलना वरवर चमत्कारिक वाटेल. तेथें स्पर्श निषिद्ध, येथें स्पर्श हीच वाणी. तेथें सारा माल छातीवर उघडा, येथें भाव कापडाखालीं झांकलेला. पण खरा भेद याहून खोल आहे. पिनांच्या अदलाबदलींत जे दोघे समोरासमोर उभे असतात त्यांतला प्रत्येक जण आपापल्या वस्तूचा धनी असतो, आणि जो दुबळा, म्हणजे लहान मूल, त्याच्या बाजूनें नियम मुद्दाम झुकविलेला असतो. वाशींत रुमालाखालीं हात दोघांचे असतात खरे. पण पेटीचा धनी त्या दोघांत नसतो. तो तिकडे देवगडच्या कातळावर आपल्या बागेंत पुढच्या तोडीची तयारी करीत असतो, किंवा फार तर गाळ्याच्या दाराशीं उभा असतो, आणि आपल्याच आंब्याचा भाव त्यास ऐकूं येत नाहीं.

व्यापाऱ्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. आंबा हा कांहीं गहूं नव्हे. एकाच बागेच्या दोन पेट्या सारख्या नसतात, आणि सकाळीं ज्या मालास मागणी असते तोच दुपारीं नरम पडूं लागतो. रोखीच्या गिऱ्हाइकास एक भाव, उधारीच्यास दुसरा, हें उघडपणें बोलूं गेल्यास रोज तंटे होतील. लहान फेरीवाल्यानें देऊं केलेला कमी आंकडा चारचौघांत ऐकूं गेला तर त्याची शोभा होईल. रुमाल त्याची अब्रू राखतो. हे सर्व मुद्दे खरे आहेत. तथापि ते सर्व घेणाराच्या आणि अडत्याच्या सोयीचे आहेत, हेंहि तितकेंच खरें आहे. झांकलेल्या भावाचा आणि वहींत मांडलेल्या भावाचा मेळ आहे कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याचें साधन बागायतदाराजवळ नसतें. सगळे अडत्ये अप्रामाणिक असतात असें मुळींच नाहीं. कित्येक घराण्यांचे कोंकणांतील बागांशीं तीन तीन पिढ्यांचे संबंध आहेत, आणि हंगामापूर्वी बागायतदारास लागणारी उचल तेच देत आले आहेत. पण प्रामाणिक अडत्याचा प्रामाणिकपणाहि रुमालाखालीं दिसत नाहीं, ही या पद्धतीची खोड आहे.

ही खोड राज्यकर्त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. वऱ्हाडांत कारंजा येथें इ. स. १८८६ मध्यें नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं कायदा झाला. शेतीविषयक रॉयल कमिशननें १९२८ सालच्या आपल्या अहवालांत बाजारांतील कुप्रथांचा विचार करून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजारांचा कायदा १९३९ चा, आणि महाराष्ट्राचा १९६३ चा. या सर्व नियमनाचें सूत्र एकच : माल उघड लिलावानें विकला जावा, भाव सर्वांस ऐकूं यावा, खुणांचा व्यवहार नसावा. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारांत हें सूत्र बऱ्याच अंशीं रुजलें. आंब्याच्या गाळ्यांत कायदा दारापर्यंत आला आणि रुमालाशीं थबकला. कायद्यास कागद लागतो, आणि येथें कागद सौद्याच्या नंतर जन्मास येतो!

२०१६ मध्यें महाराष्ट्रांत फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा करण्यांत आला, आणि शेतकऱ्याच्या पट्टींतून कापली जाणारी आडत खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरलें. तेव्हांपासून बागायतदारास दुसऱ्या वाटाहि अधिक मोकळ्या झाल्या आहेत. राज्याच्या पणन मंडळाचे आंबा महोत्सव भरतात, तेथें तो स्वतः आपल्या पेट्या घेऊन बसतो आणि भाव स्वतःच्या तोंडानें सांगतो. कित्येक जण शहरांतील घरोघर परभारें पेट्या पोंचवितात. पण एका तोडीच्या शेंकडों पेट्या दोन दिवसांत खपवावयाच्या म्हटल्या कीं महोत्सवाचा मांडव पुरत नाहीं. मालमोटार पुन्हां वाशीच्याच वाटेस लागते.

मग कांहीं दिवसांनीं देवगडास पट्टी येते. तींत पेट्यांची संख्या असते, दर असतो, मोटारभाडें आणि हमाली वजा केलेली असते, आणि तळाशीं बाकी मांडलेली असते. बागायतदार ती दोनदां वाचतो. दराच्या आंकड्यावर त्याचें बोट क्षणभर थांबतें. पण त्या बोटास उत्तर देणारें दुसरें बोट तेथें नसतें. रुमाल केव्हांच झटकून अडत्याच्या खांद्यावर परत गेलेला असतो.