पडण्याची भीती : ‘वयाचा दोष’ ते उपचार

घरातलं वयस्कर माणूस पडलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, हाड मोडलं का? एक्स-रे चांगला आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण पुढच्या महिन्याभरात अनेक घरांत वेगळंच काही घडू लागतं. देवळात जाणं थांबतं, भाजी आणणं थांबतं, आंघोळीला कुणीतरी दाराशी उभं लागतं. हाड शाबूत असतं, पण माणूस खुर्चीत अडकतो. आपण म्हणतो, “वय झालं, आता असंच चालायचं.”

वैद्यकशास्त्रही बराच काळ असंच म्हणत होतं. ते मत कसं बदलत गेलं हे समजून घेतलंत, तर घरातल्या ज्येष्ठांशी कसं वागायचं हेही आपोआप कळेल.

खाटेवरची वर्षं

१९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातल्या ७१४ खाटा आल्या. तिथले बरेच वृद्ध रुग्ण दीर्घकाळ अंथरुणात पडून होते. डॉ. मार्जरी वॉरन यांनी प्रत्येकाला नीट तपासलं, त्यांचे गट केले आणि त्यांना उठवून चालवायला सुरुवात केली. ज्यांच्याबद्दल कुणाला आशा नव्हती, त्यांतले कितीतरी पुन्हा चालू लागले, काही घरी गेले. अंथरुणात ठेवणं ही काळजी नसून ते स्वतःच एक दुखणं ठरू शकतं, हा धडा तिथून मिळाला. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची सुरुवात बहुतेक जण वॉरनबाईंच्या या कामापासूनच मोजतात.

१९६० मध्ये इंग्लंडमधल्याच डॉ. शेल्डन यांनी २०२ व्यक्तींच्या ५०० पडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिना, ठेच, चालता चालता अचानक पाय जाणं अशी कारणं त्यांनी वेगळी काढली. म्हणजे पडण्याला कारणं असतात आणि ती शोधता येतात. मात्र पडल्यानंतर मनात काय होतं, हा प्रश्न अजून मागेच होता.

भीतीला नाव मिळालं

तो पुढे आला १९८२ साली. मर्फी आणि बर्नार्ड आयझॅक्स यांनी पडल्यामुळे रुग्णालयात आलेल्या ३६ वृद्धांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या काहींना चालता न येण्याइतका हाडांचा किंवा मज्जासंस्थेचा आजार नव्हता. तरीही उभं केलं की ते आसपासची प्रत्येक वस्तू घट्ट धरू पाहत, आधाराशिवाय पाऊल टाकत नसत. या अवस्थेला त्यांनी ‘पोस्ट-फॉल सिंड्रोम’ म्हटलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या नियतकालिकात याच भीतीसाठी ‘टोफोबिया’ हा शब्द आला.

नाव मिळालं, पण मोजायचं कसं? येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ मध्ये पंचाहत्तरी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या ३३६ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. एका वर्षात त्यांतले ३२ टक्के लोक निदान एकदा तरी पडले होते. १९९० मध्ये टिनेटी आणि सहकाऱ्यांनी भीती मोजण्याची प्रश्नावली दिली. तिच्यात ‘तुम्हाला भीती वाटते का?’ असा थेट प्रश्न नव्हता. आंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, किरकोळ खरेदी अशी रोजची दहा कामं होती, आणि प्रत्येक काम न पडता करू शकाल याची तुम्हाला किती खात्री वाटते, एवढंच विचारलं होतं. भीती कबूल करायला लाज वाटते, खात्रीबद्दल माणूस मोकळेपणानं बोलतो. तुम्हीही घरी असंच विचारून पाहा.

चालताना डोकं काय करतं?

१९९७ मध्ये स्वीडनमधून एक छोटा पण फार बोलका अभ्यास आला. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालताना संशोधकांनी सहज गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले.

असं का? तरुणपणी चालणं जवळजवळ आपोआप होतं. वय वाढलं की त्यासाठी मेंदूला जास्त लक्ष द्यावं लागतं. त्यात भीतीची भर पडली की माणूस अंग ताठ करतो, पावलं आखडतो आणि सगळं लक्ष पायांकडे लावतो. मग कुणी हाक मारली, फोन वाजला की तोल सांभाळायला लक्षच शिल्लक राहत नाही. शिवाय भीतीनं हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो.

उपचाराची दिशा

१९९८ मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या ४३४ ज्येष्ठांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गटात बसून ‘पडणं आपल्या हातात नाही’ हा समज तपासणं आणि सोबत व्यायाम, असा तो कार्यक्रम होता. फरक माफक पडला, पण विचार बदलला तर हालचाल वाढू शकते हे दिसलं. पुढे जिनिव्हात १३४ ज्येष्ठांना आठवड्यातून एक तास पियानोच्या तालावर चालायला शिकवलं. ताल बदलला की हालचालही बदलायची. सहा महिन्यांत व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारे निम्मं राहिलं.

म्हणून शब्दकोडं जरूर सोडवा, पण बसल्या बसल्या केलेल्या बुद्धीच्या व्यायामानं पाय भक्कम होत नाहीत. डोकं आणि पाय एकत्र कामाला लागले पाहिजेत. भिंतीजवळ, कुणीतरी शेजारी असताना, सपाट जागी चाला आणि चालता चालता आठवड्याचे वार उलटे म्हणा, शंभरातून तीन-तीन वजा करा किंवा भाज्यांची नावं घ्या. आधी नुसतं चालणं स्थिर होऊ द्या, मगच हे सुरू करा. चक्कर येत असेल, वारंवार पडणं होत असेल, नवी औषधं सुरू झाली असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांसाठी

२०१० मध्ये सिडनीतल्या ५०० ज्येष्ठांचा अभ्यास आला. सुमारे एक तृतीयांश लोकांची भीती आणि त्यांचा प्रत्यक्ष धोका यांचा मेळ बसत नव्हता. काहींचं शरीर चांगलं होतं, पण भीती मोठी. काहींचा धोका जास्त होता, पण भीती कमी. हे दुसरे लोक हिंडतेफिरते आणि आशावादी होते, आणि त्यांचं पडणं अपेक्षेपेक्षा कमी निघालं.

याचा अर्थ बेफिकीर व्हा असा नाही. बाथरूममध्ये पकडायला दांडा लावा, रात्री दिवा ठेवा, सैल चपला काढून टाका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. जिन्यावर किंवा रस्ता ओलांडताना ज्येष्ठांना बोलण्यात गुंतवू नका. एवढं केल्यावर मात्र “आई, तू बसून राहा, मी आणतो” हे वाक्य जरा कमी वापरा. त्याऐवजी म्हणा, “चल आई, मी बरोबर येतो.” आज कोपऱ्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात भाजीवाल्यापर्यंत.