परीक्षा सरकारची, तयारी घरची

एका कचेरींत बसून काढलेले प्रश्न सबंध प्रांतांतील मुलांना एकाच दिवशीं घालावे, ही पद्धति आपल्याकडे फार जुनी नाहीं. ती आली तेव्हां मुलांइतकेच त्यांचे आईबापही गोंधळले. जी विद्या आपणांस येत नाहीं, तिच्या परीक्षेसाठीं मुलाला साह्य करावें तरी कसें? २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या नगर जिल्ह्यांतील घरांनीं या प्रश्नाला वेळोवेळीं जीं उत्तरें दिलीं, तीं आजही विचार करण्याजोगीं आहेत.

सरकारी परीक्षेच्या आधींची परीक्षा घरींच होत असे. दिवेलागणीला मुलें देवापुढें बसत आणि पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, वार, तिथि, नक्षत्रें यांचा परवचा चाले. ऐकणारी आजी बहुधा निरक्षर असे. परंतु पाढा अडखळला कीं तिच्या कानाला तें तत्काळ कळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अनुदानित शाळांचें साह्य मुलांच्या निकालाशीं जोडलें गेलें आणि तपासणीस येणाऱ्या डेप्युटीसाहेबांचा दरारा वाढला. खेड्यांत त्यांना ‘दिपोटी’ म्हणत. त्या दिपोटीसमोर तोंडी हिशेब झटपट सांगणारा मुलगा पुष्कळदा या परवच्याच्या बळावरच उभा असे.

पण परवचा सर्वांच्या घरीं नव्हता. मुलींना व अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांना अक्षरओळखच दुर्मिळ होती. अमेरिकन मिशननें १८३१ सालीं नगरास ठाणें केलें. १८३९ पासून १८६२ त मृत्यु येईपर्यंत सिंथिया फरार या बाईंनीं तेथें मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले यांनीं त्या पाहिल्या आणि १८४८ त पुण्यास स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनींही अध्यापनाचे धडे फरारबाईंजवळ घेतले. घराला जें देतां येत नव्हतें, तें देण्याचा भार येथें शिक्षकानें उचलला.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व १८५९ त पहिली मॅट्रिक झाली. १३२ उमेदवारांपैकीं अवघे २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. दुसरी वाट मराठी सातवीच्या परीक्षेची. तिलाच लोक ‘मुलकी’ म्हणत, कारण ती उतरली कीं तलाठ्याची किंवा शिक्षकाची नोकरी दृष्टिपथांत येई. मॅट्रिकसाठीं मात्र गांव सोडून शहर गांठावें लागे. मग कोणी आप्ताच्या ओसरीवर राही, कोणी वार लावून जेवी, कोणी माधुकरी मागे. पारनेरास १८८० त जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, पुढें सेनापति म्हणून प्रसिद्धीस आले ते, याच मॅट्रिकच्या परीक्षेंतून जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. वार लावून जेवणाऱ्या मुलाच्या यशांत केवळ त्याच्या आईबापांचाच नव्हे, तर ताट वाढणाऱ्या परक्या घरांचाही वांटा असे.

परंतु वार आणि माधुकरी यांचें दार शेतकऱ्याच्या व दलिताच्या मुलाला क्वचितच उघडें होतें. त्याच्यासाठीं वसतिगृह हेंच घर झालें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. मुलांच्या अन्नासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने दिले. या संस्थेच्या शाळा पुढें नगर जिल्ह्यांतही गांवोगांव निघाल्या.

१९४८ च्या कायद्यानें मॅट्रिकच्या जागीं शालान्त परीक्षा आली, १९६६ त महाराष्ट्राचें मंडळ स्थापन झालें आणि १९७५ पासून ही परीक्षा दहावीला होऊं लागली. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच. घरें मात्र एकसारखीं नाहींत. १९५० च्या सुमारास लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व जिल्ह्याच्या उत्तरेस उसाची समृद्धि आली. त्याच जिल्ह्यांतील पाथर्डीच्या कोरडवाहू गांवांतून मात्र दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. तीं परततात ती मार्च-एप्रिलमध्यें, आणि परीक्षाही नेमकी त्याच दिवसांत येते. मूल बरोबर न्यावें तर शाळा सुटते. न न्यावें तर त्याला सांभाळावें कोणीं? सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढली खरी. तरी अनेक घरीं हा भार म्हाताऱ्या आजीवरच येऊन पडतो.

ही आजी बीजगणित शिकवूं शकत नाहीं. परंतु ती मुलाला वेळेवर उठविते, भाकर करून घालते, शाळेंत धाडते आणि संध्याकाळीं वाचावयास बसवून स्वतः जवळ बसते. परवचा ऐकणाऱ्या आजीनेंही याहून वेगळें काय केलें होतें? शहरांतील सुशिक्षित घरांत पुस्तकें आहेत, दिवा आहे, शिकवणीचे पैसेही आहेत. मुलाचें म्हणणें शांतपणें ऐकून घेणारें माणूस संध्याकाळीं त्याच्याजवळ असतें कीं नाहीं, हें त्या घरांनीं एकदां पडताळून पाहावें. परीक्षेची तारीख सरकार ठरवितें. ही संध्याकाळ ठरविणें मात्र घराच्याच हातीं आहे.