झेलमच्या वाळूपासून केडगावच्या छापखान्यापर्यंत

थंडी इतकी, की आपलेच दात वाजताना तुम्हाला ऐकू येतात. 1870च्या दशकाचा उत्तरार्ध आहे आणि तुम्ही पंजाबात झेलमच्या काठावर उभे आहात. अंधारात कुणीतरी वाळू उपसतंय. जवळ जा. एक तरुण आणि त्याची धाकटी बहीण कबरीएवढे दोन खड्डे खणताहेत. अंगावर धड पांघरूण नाही, डोक्यावर छप्पर नाही. दोघं खड्ड्यांत उतरतात आणि वाळू अंगावर ओढून घेतात. डोकी तेवढी बाहेर राहतात.

तो श्रीनिवास, ती रमा, पुढे जिला सगळे रमाबाई म्हणणार. अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलं. दोघांना संस्कृत ग्रंथ मुखोद्गत आहेत, पण त्यांनी पोट भरत नाही. दुष्काळानं काही महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण नेली. इतकी व्रतं, इतक्या तीर्थयात्रा झाल्या, तरी देव बोलला नाही, हे शल्य दोघांच्या मनात खोल रुतलंय. तुम्ही काही करू शकत नाही, फक्त पाहू शकता. नीट पाहून घ्या. या भुकेत आत्ता काहीही मंगल नाही. कुणी तिचा अर्थ सांगू लागलं, तर त्याला गप्प करा.

वर्षं भराभर पुढे सरकतात. 1880मध्ये भाऊ जातो. 1882मध्ये रमाचे पती बिपिन बिहारी मेधवी कॉलऱ्यानं जातात. पदरात लहानगी मनोरमा उरते. 1883च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा तुम्ही मागे उभे असता. संपले या बाईचे हाल, असं तुम्हाला वाटेल. घाई करू नका. पुढे रमाबाईच लिहिणार आहेत, की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायचा राहिला होता. ती भेट व्हायला आणखी कितीतरी वर्षं जाणार आहेत. शांती एकदम मिळाली नाही, हे त्यांनी लपवलं नाही. म्हणून त्यांच्या आनंदावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आता मध्य प्रांतात या. 1896-97चा दुष्काळ पडलाय. धुळीत बसलेल्या मुलींच्या बरगड्या मोजता येतात. पुण्यात मुलींसाठी शारदा सदन चालवणाऱ्या रमाबाई इथवर आल्या आहेत. हाताशी पैसा नाही, आहेत त्या मुलींचीच जबाबदारी मोठी आहे. परत फिरायला कारणं पुरेशी आहेत. पण समोरच्या पोरीच्या डोळ्यांतली भूक त्या ओळखतात, कारण ती एकेकाळी त्यांच्या पोटात होती. झेलमकाठची रात्र आज पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडते. शेकडो मुली त्यांच्याबरोबर निघतात. पुण्यात प्लेगची साथ आहे, म्हणून केडगावच्या माळावर वस्ती उभी राहते. तिचं नाव मुक्ती.

1905च्या जूनमध्ये त्या माळावर थोडं थांबा. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करताहेत. कुणी रडतंय, कुणी हसतंय. ज्यांना कुणी वाली नव्हता, त्या आज हक्कानं देवाला हाक मारताहेत.

शेवटचा मुक्काम 1922च्या आरंभी, पुन्हा केडगावलाच. छापखान्यात बाया खिळे जुळवताहेत. रमाबाई मुद्रितं तपासत बसल्या आहेत. बोलायचं असेल तर जवळ जाऊन मोठ्यानं बोला, त्यांना फार कमी ऐकू येतं. याच कारणानं इंग्लंडमध्ये त्यांचं डॉक्टर व्हायचं राहिलं होतं. गेल्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच लेक आईच्या आधी गेली. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचं कित्येक वर्षांचं काम रमाबाईंनी सोडलेलं नाही. पौलानं कैदेत बसून फिलिप्पैकरांना लिहिलेलं, आनंदानं ओसंडणारं पत्रही त्यात आहे. 5 एप्रिलला त्या जातील. मुद्रितं त्याआधी तपासून झालेली असतील.

हा आनंद कुठून येतो? दुःख विसरल्यानं नाही. दुःखानं माणूस मोठा होतोच असंही नाही. कित्येकांना ते कडवट करून सोडतं. रमाबाईंनी आपली भूक देवापुढे ठेवली आणि तीच भूक घेऊन त्या दुसऱ्या भुकेल्यांकडे गेल्या. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, अशी शुभवर्तमानाची साक्ष आहे. व्रण पुसले जाण्याची वाट पाहत बसू नका. तुमच्यासारखाच व्रण ज्याच्या अंगावर आहे, त्याला शोधा आणि त्याच्यासाठी हातांना काम द्या. ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद तिथे, त्या कामातच भेटतो.