नाण्यांची सोबत

आमच्या जुन्या घरात लक्ष्मीपूजनाची नाणी माजघरातल्या फडताळात, एका शिसवी पेटीत, लाल खारव्याच्या थैलीत बांधून ठेवलेली असत. आणि वर्षातून एकदा, आश्विनी अमावास्येच्या दुपारी, ती थैली सोडून आतला ऐवज परातीत ओतण्याचा, चिंचेच्या कोळाने आणि चुलीतल्या राखेने तो लख्ख घासण्याचा आणि मोजून पुन्हा आजीच्या स्वाधीन करण्याचा मान थोरल्या नातवाचा, म्हणजे माझा असे. राणीछाप रुपये होते, दोन जाडजूड ढबू पैसे होते, आणि एकवीस शिवराया होत्या. हे काम मी सात-आठ वर्षे मोठ्या इमानाने केले, आणि ऊन, पाऊस, सराफाची कसोटी व गिऱ्हाइकांचे हात यांना पिढ्यान् पिढ्या जे साधले नव्हते ते त्या सात-आठ वर्षांत साधले: एका शिवराईवरचा ‘राजा’ मी समूळ पुसून टाकला. तांब्यावर कालांतराने जे काळपट-हिरवट कवच चढते ते मळ नसून त्या नाण्याची त्वचा आहे, आणि ती सोलली की खालची अक्षरे उघडी पडून झिजू लागतात, हे मला कळले तेव्हा आजी नव्हती आणि तो ‘राजा’ही नव्हता.

नाणी जमविण्याचा छंद आपल्याकडे नवा आहे; नाणी साठविणे मात्र फार जुने. पेढ्या मोजक्या, रस्ते असुरक्षित, आणि आज एकाचा अंमल तर उद्या दुसऱ्याची स्वारी अशा मुलखात ज्याच्याजवळ चार पैसे शिल्लक उरत तो ते कमरेच्या कशात बांधी, भिंतीतल्या बळदात लपवी, आणि त्याहून अधिक असले तर गाडग्यात भरून चुलीखाली, गोठ्यात किंवा शेताच्या बांधाला पुरून ठेवी. पुरणारा बहुधा परत येई व आपले द्रव्य काढून घेई. त्या गाडग्यांचा इतिहासाला काही उपयोग नाही. जो परत आला नाही, वाटेत मारला गेला, परागंदा झाला, किंवा ज्याने मरताना मुलाला जागा सांगितली नाही, त्याचेच गाडगे आपल्या वाट्याला आले. नाणकशास्त्राचा बराचसा पाया अशा दुर्दैवी माणसांच्या सावधगिरीवर उभा आहे. त्यांनी जे ठेवले ते न निवडता ठेवले, सुबक तेवढे उचलले नाही, विजोड ते टाकले नाही. त्या दिवशी त्या बाजारात जे चलन चालत होते ते, खऱ्याखोट्यासह, एकाच भांड्यात बंद झाले, आणि त्यातले सर्वांत अलीकडचे नाणे हे ते भांडे कधी पुरले गेले याची साक्ष होऊन राहिले.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या नाशिकजवळचे आहे. सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी जोगळटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड निधी सापडला. पाद्री स्कॉट यांनी त्याची तपासणी करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०८ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात सुमारे १३,२५० नाण्यांची नोंद आहे. ही सर्व नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची. त्याआधी नहपानाचे नाणे ही दुर्मीळ चीज होती. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या, ज्यांनी हयातभर जमविलेला संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमला गेला, अशा साक्षेपी संशोधकाच्या काळीही ती मोजकीच ठाऊक होती. एका गावाच्या मातीतून त्या राजाची तेरा हजारांहून अधिक नाणी एकदम वर आली, तेव्हा अभ्यासकांची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु खरी मौज संख्येत नव्हती. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरांची ओळ असते. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत त्याचे नाव. जोगळटेंभीच्या नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर या सगळ्याच्या डोक्यावर दुसराच छाप मारलेला निघाला: एकीकडे तीन कमानींचा चैत्य आणि प्राकृत भाषेत राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे नाव, आणि दुसरीकडे ज्याला अभ्यासक उज्जयिनी-चिन्ह म्हणतात ती चार वर्तुळांची खूण. जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून नवे नाणे पाडण्याची यातायात गौतमीपुत्राच्या टांकसाळीने केली नाही. जुनेच नाणे ऐरणीवर ठेवून त्यावर नवा ठसा मारला आणि ते बाजारात परत सोडले. घाव घाईचे होते. म्हणून चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक डोकावते, सातकर्णीच्या नावाशेजारी ग्रीक अक्षरांचे शेपूट राहते. असे एखादे नाणे उजेडात तिरपे धरून पाहावे. एका बोटाच्या पेराएवढ्या चांदीत जेता आणि जित दोघेही एकमेकांना ढकलत उभे असलेले दिसतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याच घडामोडीची दगडी कागदपत्रे आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली, त्यांतील दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक आणि उरलेल्या हजारांवर पाऊण असे व्याज ठरविले, आणि पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण हा त्या वेळचा भावही त्याच भिंतीवर कोरविला. आजच्या एखाद्या सहकारी बँकेच्या ठेवपावतीत याहून अधिक तपशील नसतो. पुढे गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनाच्या अमात्यास जो हुकूम पाठविला, त्यात आजवर उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत भिक्षूंना देऊन टाकले आहे. शेतावरचा धनी बदलला, नाण्यावरचा धनी बदलला, दोन्हींतली माती आणि चांदी तीच राहिली. गौतमीपुत्र व नहपान हे समकालीन होते की त्यांच्यामध्ये काही वर्षांचे अंतर होते, हा वाद लेखांच्या आधारे वर्षानुवर्षे घालता आला असता, आणि निधी सापडल्यानंतरही काही विद्वानांनी तो घातला; पण एवढ्या मोठ्या साठ्यात मधल्या कोणा क्षत्रपाचे नाव नाही, या मूक पुराव्याने बहुतेकांची खात्री पटली.

आता हाच निधी दहा-वीस नाण्यांच्या पुड्यांनी पन्नास छांदिष्टांकडे विखुरला असता तर? प्रत्येकाच्या पेटीत एक सुबक नहपान, एक उत्तम ठशाचा गौतमीपुत्र जाऊन बसला असता, प्रत्येकजण आपल्या नाण्यावर संतुष्ट राहिला असता, आणि तेरा हजारांत नऊ हजारांवर दुसरा छाप आहे हे प्रमाण कोणालाच कळले नसते. स्कॉट यांनी आणखी एक गोष्ट टिपली, तीही केवळ संख्येमुळेच शक्य झाली: एकाच नहपानाच्या नावाखाली नाण्यांवरचे चेहरे मात्र नाना प्रकारचे आहेत, कोणी तरुण, कोणी वयस्क, कोणाचे नाक सरळ, कोणाचे बाकदार. ही एका घराण्यातली निरनिराळी माणसे की ठसे खोदणाऱ्या कारागिरांची निरनिराळी हातवटी, हा प्रश्न वेगळा; परंतु तो विचारण्यासाठी चेहऱ्यांची रांग समोर असावी लागते. सोबत सुटलेले नाणे सुंदर असू शकते, बोलके क्वचितच असते.

निधी सापडला की सरकारात वर्दी द्यावी असा कायदा त्यापूर्वीच, १८७८ साली झालेला होता. दहा रुपयांवरचा पुरलेला ऐवज सापडणाऱ्याने कलेक्टराकडे कळवावा, जाहीरनामा निघावा, मालक पुढे न आल्यास व दुसरा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जागेच्या मालकाला मिळावा, आणि सरकारला तो ऐवज स्वतःकडे ठेवावयाचा असल्यास त्यातील धातूची किंमत व तिचा पाचवा हिस्सा वर द्यावा, अशी त्यातली व्यवस्था. कागदावर ती वाईट नव्हती. परंतु दोन हजार वर्षांचे नाणे आणि काल मोडीत निघालेले वाळे यांची किंमत एकाच तराजूत होते, आणि मध्ये मामलेदार, तलाठी, पंचनामा व तारखा आहेत हे कळल्यावर किती कुणब्यांनी कचेरीची वाट धरली असेल आणि किती जणांनी सोनाराची, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. माझा कल सोनाराकडे आहे. जे मुशीत गेले ते मुलीच्या पाटल्या-बांगड्या होऊन नांदले. सोनाराची वाट धरणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार, चिंचेने शिवराई घासणाऱ्या माणसाला तर, मुळीच नाही.

शिवराईची कथा नहपानाच्या नाण्याच्या नेमकी उलट आहे. ती दुर्मीळ कधीच नव्हती. शिवछत्रपतींनी सुरू केलेले हे तांब्याचे नाणे, ज्याच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ अशा तीन ओळी आणि दुसऱ्या अंगास ‘छत्र पति’ अशा दोन ओळी, त्यांच्या पश्चात छत्रपतींच्या व पेशव्यांच्या अमदानीत ठिकठिकाणी पडत राहिले. ज्याच्या अक्षरांमध्ये दोन समांतर रेघा असत त्या प्रकारास लोक दुदांडी म्हणत. महाराजांचा सोन्याचा होन पाहावयास मिळणे हे भाग्य. शिवराई मात्र आठवडी बाजारात भाजीवालीच्या पदराच्या गाठीत असे. म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहिले नाही. ती चलनातून उठली तेव्हा शेरावर विकली गेली आणि तांबटांच्या हातांखाली तिच्या घागरी झाल्या. अशा वेळी तिच्याकडे प्रथम बारकाईने पाहिले ते एका अमेरिकन मिशनऱ्याने. रेव्हरंड जस्टिन ॲबट, ज्यांचे नाव पुढे मराठी संतांच्या चरित्रांच्या व काव्याच्या इंग्रजी भाषांतरांमुळे आपल्याला परिचित झाले, त्यांनी या मोडीच्या तांब्याच्या राशींतून हजारांनी शिवराया गोळा केल्या आणि त्यांवरच्या लेखनातले भेद एकेक करून टिपले. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. कुठे ‘पति’, कुठे ‘पती’. आपला एखादा शास्त्री असता तर अशुद्ध म्हणून ती नाणी बाजूला सारता, असे म्हणण्याचा मोह होतो. निदान माझ्या मास्तरांनी तरी सारली असती. या ऱ्हस्वदीर्घांतूनच टांकसाळी किती आणि ठसे खोदणारे हात किती याचा माग लागतो.

झारेकऱ्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सराफकट्ट्यावरची धूळ आणि घाटाखालची वाळू झाऱ्यातून धुऊन सोन्याचांदीचे कण वेचणारी ही माणसे. गोदेच्या पात्रात भाविकांनी टाकलेला पैसा, पुराने पैठण-नेवाशाच्या पांढरीतून वाहून आणलेले शिशाचे व पोटीनचे सातवाहन नाणे, दोन्ही त्यांच्या पाटीत सारखेच येते. आपल्या अनेक संग्राहकांचे सातवाहन खण या पाट्यांतूनच भरले आहेत. ते नाणे कोणत्या वळणावर, कोणत्या थरात मिळाले हे सांगण्यास नदी समर्थ नसते, झारेकऱ्याला ते विचारले जात नाही, आणि भाव ठरतो तो नाण्यावरचा हत्ती स्पष्ट उठला आहे की नाही यावर.

मी स्वतः कोणता निराळा होतो? पोटापाण्याला लागल्यावर हा छंद मला जडला तेव्हा एका स्नेह्याने, गावाकडच्या घराची भिंत नव्याने बांधताना पायात सापडलेले एक लोटके मला आणून दिले. त्यात बेचाळीस नाणी होती: निजामशाहीचे तांबे, औरंगजेबाचे दोन रुपये, बाकी शिवराया. त्यांची किंमत दहा रुपयांवर जाते की नाही हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कोणीही विचारला नाही. मी एका रविवारी ती सर्व नाणी निवडली. तांबे तांब्यात, रुपये रुपयांत, निजामशाही निजामशाहीत, अशी मखमलीच्या खणांतून वाटून टाकली, जोड असलेली एका व्यापाऱ्याला देऊन बदली दुसरी घेतली, आणि लोटक्याच्या खापऱ्या, ज्यांच्या आतल्या अंगाला कापडाच्या विणीचा हिरवा ठसा उमटला होता, त्या मोलकरणीकडून केरात टाकविल्या. पेटी पाहण्यासारखी झाली. आज मला सांगता येत नाही की त्यातले सर्वांत नवे नाणे कोणते होते. म्हणजेच ते लोटके कोणत्या धामधुमीत पुरले गेले हे सांगता येत नाही. ज्याने ते पुरले त्याने आपला मजकूर दोनएक शतके अखंड सांभाळला होता, आणि मी तो एका दुपारीत वर्णानुक्रमे लावला.

हल्ली माझ्या संग्रहात नवे फारसे येत नाही. जे आहे ते मऊ प्लॅस्टिकच्या खिशांतून काढले, कारण त्यांत तांब्याला हिरवी चिकट बुरशीसारखी कीड धरू लागली होती. आता प्रत्येक नाणे साध्या कागदाच्या पाकिटात, कडेने धरून ठेवलेले, आणि पाकिटावर वजनाआधी व राजाआधी ते कोठे मिळाले, कोणाकडून मिळाले व त्याच्यासोबत आणखी काय होते एवढे पेन्सिलीने लिहिलेले. बऱ्याच पाकिटांवर या तीन ओळी कोऱ्या आहेत.

आजीची थैली मात्र मी त्यात मिसळलेली नाही. ती तशीच, एकवीसच्या एकवीस, शिसवी पेटीत आहे. गेल्या लक्ष्मीपूजनाला सूनबाई वाटीत चिंच भिजवून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मामंजी, ही तेवढी घासून ठेवू ना?” मी घाईने उठून त्यांच्या हाती कोरडे फडके दिले आणि तांब्याच्या त्वचेवर लहानसे प्रवचनही दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, नाणी एकेक पुसून ताम्हनात मांडली, ‘राजा’ गेलेली ती शिवराई गुळगुळीत म्हणून सर्वांत वर ठेवली, आणि मग तिच्यावर पंचामृत घातले.