आज्याचं नाव

इंदापूर-बारामती रस्त्याला उभं राहून हात केला की जी तीनचाकी थांबते, तिला आमच्याकडे कुणी ‘ॲपे’ म्हणतं, कुणी ‘आपे’. दुसरा उच्चार मूळ इटालियनच्या जवळचा आहे. शब्दाचा अर्थ मधमाशी. तिची थोरली बहीण व्हेस्पा स्कूटर, व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. थोरली १९४६ची, धाकटी १९४८ची. धाकटी बारामतीच्या एमआयडीसीत आधी आली आणि व्हेस्पा २०१२मध्ये तिच्या मागोमाग.

गाडीच्या तोंडावर जे नाव लिहिलेलं असतं, ते मला कित्येक वर्षं कंपनीचंच नाव वाटत होतं. पियाज्जो हे आडनाव आहे, हे कळल्यावर त्या घराण्याची वंशावळ शोधायला बसलो आणि पहिल्याच पानावर थबकलो. जिनोआजवळच्या सेस्त्री पोनेंते गावात १८८२मध्ये एन्रिको पियाज्जो यांनी लाकडाच्या वखारीसाठी जागा घेतली. दोन वर्षांनी, १८८४मध्ये, त्यांच्या वीस वर्षांच्या मुलानं, रिनाल्डोनं, कंपनी काढली. आधी जहाजांचं आतलं लाकूडकाम, मग रेल्वेचे डबे, मग विमानं. दुसऱ्या महायुद्धात कंपनीच्या पाँतेदेराच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. तिथं नव्यानं काय बनवायचं हे ज्यानं ठरवलं आणि विमानांच्या रचनाकाराकडून, कोर्रादिनो दास्कानियोकडून, स्कूटर करून घेतली, तो रिनाल्डोचा मुलगा (१९०५–१९६५). त्याचं नाव एन्रिको पियाज्जो.

वखारवाला एन्रिको आणि स्कूटरवाला एन्रिको. मधे रिनाल्डो. आजोबांचं नाव नातवाला!

आमच्या घरात माझ्या थोरल्या चुलतभावाला आज्याचं नाव आहे, शेजारच्या तीन घरांत तेच. ही रीत अस्सल आपली, असं मी धरून चाललो होतो. इटलीत बघावं तर गॅलिलिओच्या घरातही तेच. त्याचे वडील विन्चेन्झो गॅलिली संगीतातले जाणकार होते आणि त्यानं आपल्या मुलाचं नाव ठेवलं विन्चेन्झो. स्वतः गॅलिलिओला नाव मिळालं ते पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या एका पूर्वजाचं. तो वैद्य होता आणि त्याच्या नावावरूनच घराण्याचं आडनाव पडलं.

मग ही रीत कुणाकडून कुणाकडे गेली? जुन्या अथेन्समध्येही नातू आजोबांच्या नावाचा असे. तेव्हा कुणी म्हणेल, ती ग्रीकांबरोबर हिंदुस्थानात आली. मला हे पटत नाही. आपल्याकडचा पुरावा घट्ट आहे आणि तो राजघराण्यांच्या आत खोलवर रुतलेला आहे. पहिला चंद्रगुप्त, त्याचा मुलगा समुद्रगुप्त, नातू दुसरा चंद्रगुप्त. विदर्भातल्या वाकाटकांत पहिला रुद्रसेन, मग पृथ्वीषेण, मग दुसरा रुद्रसेन. आणि या दोन घराण्यांची सोयरीक झाली ती नेमकी दोन ‘दुसऱ्यां’मुळे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता दुसऱ्या रुद्रसेनाला दिली. बापाला त्याच्या आजोबांचं नाव आणि नवऱ्यालाही त्याच्या आजोबांचं. चौथ्या शतकातली ही गोष्ट. माझं मत असं, की जिथं जमीन आणि गादी बापाकडून मुलाकडे जाते आणि मेलेला माणूस घरात परत येतो अशी श्रद्धा असते, तिथं ही रीत आपोआप उगवते. उसनी आणावी लागत नाही.

आता इंदापूरला येतो, कारण आमच्या भागातली या रीतीची सर्वांत मोठी कथा इथून निघते. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची पत्नी फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक. मूल होईना म्हणून नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला आणि झालेल्या दोन मुलांना पिराच्या नावाचे दोन तुकडे वाटून दिले, असं परंपरा सांगते. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. आजोबांचं नाव बाजूला सारून पिराचं नाव घेतलं! रीत इथं मोडली, आणि मोडली त्याच जागी नवी सुरू झाली.

शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले आणि त्यांनी आपल्या मुलांची नावं ठेवली शहाजी, शरीफजी आणि तुकोजी. पहिला आजोबांच्या नावाचा, दुसरा भातवडीच्या लढाईत पडलेल्या चुलत आजोबांच्या. पुढे तुकोजींच्या मुलाचं नाव पुन्हा व्यंकोजी. नगरच्या दर्ग्यातलं नाव अशा रीतीनं कावेरीच्या काठी पोचलं.

तिथं त्याचं जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. शरीफजीचं ‘सरफोजी’ झालं आणि संस्कृत लिहिणाऱ्या पंडितांच्या हाती ते ‘शरभोजी’, ‘शरभेंद्र’ झालं. शरभ म्हणजे नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवानं घेतलेलं रूप. आता एक वाद असा घालता येईल, की नाव मुळातच शरभावरून आहे आणि पिराची गोष्ट मागाहून जोडली. बाजू अगदीच लंगडी नाही. कुंभकोणमजवळ त्रिभुवनमच्या देवळात शरभाची पूजा होते, म्हणजे ते दैवत तंजावरच्या दारातलंच. पण शरीफजी जन्मले तेव्हा भोसल्यांचा तमिळ मुलुखाशी संबंध नव्हता. महाराष्ट्रात शरभाच्या शिळा किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसतात, पण त्यावरून कुणी पोराचं नाव ठेवल्याचं ऐकिवात नाही. शिवाय थोरल्याचं नाव ‘शाह’वरून आणि धाकट्याचं त्याच नावाच्या उरलेल्या अर्ध्यावरून, ही जोडी शरभानं जुळत नाही. तेव्हा पीर आधी, शरभ नंतर. दुसऱ्या सरफोजींनी (१७७७–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. शिवमंदिराच्या दगडावर पिराच्या नवसाचं नाव कोरलं गेलं आणि कुणाला ते खटकलं नाही.

पण माझी खरी झोप उडवली ती ‘शाहू’ या नावानं.

शिवाजी महाराज १६८०मध्ये गेले. १६८२मध्ये संभाजीराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी. १६९६मध्ये राजाराम महाराजांना मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी. दोघं चुलतभाऊ, दोघंही शिवाजी भोसले. आजोबा एकच, मग नावही एकच. १७०७मध्ये औरंगजेब मेल्यावर पहिला मोगलांच्या कैदेतून सुटून आला आणि ऑक्टोबरमध्ये खेडला दुसऱ्याच्या आईच्या, ताराबाईंच्या, फौजेशी त्याची गाठ पडली. शिवाजीविरुद्ध शिवाजी! इतिहासाच्या पुस्तकात हा घोळ जाणवत नाही, कारण थोरल्याला तोवर सगळे शाहू म्हणू लागले होते.

शाहू कशावरून? ग्रँट डफनं नोंदवलेली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आजा चोर, हा मात्र साव, असं म्हणून बादशहानं पोराला ‘साव’ नाव दिलं आणि त्याचं शाहू झालं. गोष्ट रंगतदार आहे, पण मला ती नावानंतर रचलेली वाटते. चोर आणि साव ही जोडगोळी आपल्या बोलीतली. नाव आधी होतं, मग कुणीतरी त्यात कोटी शोधली आणि ती बादशहाच्या तोंडी घातली, असंच दिसतं. व्युत्पत्ती इतकी नेमकी विनोदावर बसली की तिचा संशय घ्यावा.

माझं म्हणणं साधं आहे. संभाजीचं लाडकं रूप शंभू, रघुनाथाचं रघू, तसं शहाजीचं शाहू. तंजावरच्या शहाजींना इंग्रजी ग्रंथांत ‘शाहूजी’ लिहिलेलं आढळतं, आणि त्यांच्या नावाशी औरंगजेबाचा काडीचा संबंध नव्हता.

मग शिवाजी नावाच्या मुलाला पणज्याच्या नावानं हाक का? उत्तर आपल्या घरांत आहे. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. आज्याचं नाव असलेल्या पोराला आई त्या नावानं कशी हाक मारणार? म्हणून अशा पोराला घरात दुसरं नाव पडतं: बाळ, आबा, अण्णा, तात्या. माझ्या चुलतभावाला त्याच्या आईनं जन्मभर ‘दादा’ म्हटलं, त्याचं खरं नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाईंना शिवाजी महाराज सासरे. त्यांनी पोराला शाहू म्हटलं असणार.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही बिनतोड वाटावेत असे आहेत. पहिला: शहाजीराजे तरी येसूबाईंचे आजेसासरेच, मग ते नाव कसं चाललं? त्यावर मी म्हणतो, शाहू हे पूर्ण नाव नाही, लाडकं अर्धं रूप आहे आणि शहाजीराजे १६६४मध्येच गेले होते. मर्यादा जिवंतपणी पाहिलेल्या माणसाची अधिक पाळली जाते. दुसरा आक्षेप: ताराबाईसुद्धा शिवाजी महाराजांची सून, मग त्यांच्या मुलाला टोपणनाव का पडलं नाही? कारण तो १७००मध्ये चार वर्षांचा असतानाच गादीवर बसला. गादीवरचं नाव दवंडीत घ्यावं लागतं. येसूबाईंचा मुलगा मात्र सातव्या वर्षापासून मोगलांच्या छावणीत, आईजवळ वाढला. तिथं आईची हाक तेवढी आपली होती. तीच पुढे साताऱ्याच्या गादीवर चढली. याचा कागद नाही, हे मान्य करतो. पण आयांच्या हाकांचा कागद कधी असतो?

कागदात अशा दोघांना वेगळं करायला आपल्याकडे बापाचं नाव आहे. जुन्या दस्तांत ‘अमुक बिन तमुक’ लिहीत, हा ‘बिन’ अरबीतला. शिवाजी बिन संभाजी आणि शिवाजी बिन राजाराम म्हटलं की घोळ मिटला. इटलीतही ही सोय होती, आणि आपल्याहून बारीक. बाप हयात असेल तर नावानंतर ‘दि’, वारला असेल तर ‘फू’. फू म्हणजे ‘होता’. वारल्याची खबर नावातच. व्हेनिसजवळच्या किओज्जा गावात तर बोस्कोलो आणि तियोझ्झो ही दोन आडनावं इतकी झाली, की टोपणनावंही सरकारी दप्तरात लावावी लागली. आमच्या गावच्या सातबाऱ्यावरचं ‘उर्फ’ आणि ते एकाच गरजेची लेकरं.

आता ज्या धाग्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो धागा. व्हेस्पाचं पेटंट २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये दाखल झालं. त्याच फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विलायतेहून परतताना, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम भोसले वारले. वय अवघं वीस. कासिने बागेच्या टोकाला, नदीकाठी, त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांचा अर्धपुतळा छत्रीखाली उभा आहे आणि जवळच्या पुलाला लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. त्यांच्या दत्तक वारसाच्या पश्चात कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव नावाचा मुलगा मार्च १८८४मध्ये दत्तक आला आणि त्याचं नाव शाहू ठेवलं गेलं. त्याच वर्षी तिकडे रिनाल्डोनं कंपनी काढली होती. १८९७मध्ये शाहू महाराजांना मुलगा झाला. पाळण्यात नाव ठेवलं ते फ्लॉरेन्सला गेलेल्याचं, दत्तक वंशावळीनं पोराच्या पणजोबांचं: राजाराम.